जावईबापूंचा मला न कळलेला खेळ

श्री. वेस्ली यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या खेळाविषयी मी लिहावे, असे आपल्या मंडळाने ठरवले. हे काम माझ्याकडे का आले, ते मला उमगलेले नाही. त्यांच्या सरावात सर्वांत जास्त चेंडू मी टाकले, एवढेच कारण असावे. खेळ मला तेव्हाही कळला नव्हता, आजही कळत नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो.

नव्वदच्या दशकात मी बहरीनच्या तुबली भागातल्या व्यायामसाहित्याच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. आपल्या चिपळूणच्या सुनंदाताई, इथल्या इस्पितळातल्या नर्स, एके दिवशी यजमानांना घेऊन आल्या. वेस्लीसाहेब दारातून वाकून आत आले आणि त्यांनी आधी शिपायाशी हात मिळवला, मग मॅनेजरशी. ते अमेरिकन फुटबॉल खेळत, तोही पगारी. त्या खेळात चेंडू लांबोडका असतो आणि तो हातात घेऊन पळतात, हे ऐकूनच मी गडबडलो होतो. त्यात साहेबांची जागा वाइड रिसीव्हरची, म्हणजे मैदानाच्या कडेने धावत सुटायचे आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा.

कोणत्या संघात होता, असे आमचे श्रीवर्धनचे ड्रायव्हर इस्माईलभाई यांनी विचारले. साहेब एकेका शहराचे नाव घेऊ लागले आणि यादी संपेचना. इथे एक कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, सोडून दुसरीकडे जायचे म्हणजे त्याच्या किती विनवण्या कराव्या लागतात, ते आपण जाणतो. इस्माईलभाई माझ्या कानाशी लागले, "एवढ्या कंपन्या बदलल्या? काय वट असंल रे ह्या माणसाची." प्रत्येक संघाने साहेबांना काढून टाकले होते, हे आम्हाला बऱ्याच महिन्यांनी समजले.

तिशी उलटली होती, पण आणखी एक हंगाम खेळायला मिळावा, ही त्यांची आस होती. कुठल्यातरी संघाचा फोन येईल म्हणून ते रोज सकाळी गोदामामागच्या मोकळ्या जागेत धावत आणि मी चेंडू टाकत असे. ते वळतील तिथे चेंडू आधीच पोचायला हवा. माझा भलतीकडेच जाई आणि साहेब म्हणत, "सॉरी, माझी चूक." त्यांची चूक कशी, हे मला कधी कळले नाही.

एकदा मी विचारले, "सामन्यात तुमच्याकडे चेंडू किती येतात?"

"बहुतेक वेळा येतच नाही."

"मग धावता कशाला?"

"मी जोरात धावलो की त्यांचा माणूस माझ्यामागे येतो. आपला दुसरा कोणीतरी मोकळा होतो."

हे इस्माईलभाईंना सांगितले, तर ते विचारात पडले. "म्हणजे काम ह्यांचा आणि हजेरी दुसऱ्याची?"

अखेर गोदामाच्या फोनवर बोलावणे आले. साहेबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. उम्म अल हस्समच्या त्यांच्या फ्लॅटवर आम्ही सगळे निरोपाला जमलो. कोणी निघाले की आपण त्याच्या बॅगेत गावाकडचे पार्सल कोंबतो. अमेरिकेत आमचे कोणी नव्हते, तरी इस्माईलभाईंनी बहरीनी हलव्याचा डबा आणलाच, "कंपनीवाल्यांना द्या." साहेबांनी बॅगेतले बूट काढून हातात घेतले आणि डब्याला जागा केली.

महिन्याच्या आत ते परत आले. बाब अल बहरीनच्या बाजारात ते नि ताई आम्हाला भेटले, तेव्हा इस्माईलभाईंना वाटले, साहेब रजेवर आलेत. आपल्याकडे माणूस आला की पहिला प्रश्न तोच असतो. "साहेब, इतनी जल्दी छुट्टी? कितनी मिली?"

सुनंदाताईंनी तोंड सोनाराच्या काचेकडे वळवले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, साहेबांना संघाने काढले होते.

साहेब म्हणाले, "लंबी." मग हलव्याचेही सांगितले. निघायच्या दिवशी कपाट स्वतः रिकामे करायचे आणि संघाचे कपडे धुणाऱ्या माणसाचे आभार मानूनच बाहेर पडायचे, ही त्यांची रीत. यावेळी तो एक म्हातारा होता. हलवा त्याला दिला, त्याला फार आवडला. इस्माईलभाई धन्य झाले.

दुसऱ्या दिवशी मी मोकळ्या जागेत गेलो खरा, पण साहेब येतील असे वाटत नव्हते. ते आले. चेंडू माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "आज तू धाव." मी पोट सांभाळत, चपला घालून धावलो. चेंडू नेमका हातात आला आणि मी तो पाडला. "सॉरी, माझी चूक," साहेब म्हणाले.

तेव्हापासून मंडळाची पोरे दर शुक्रवारी त्यांच्याकडे धावायला शिकतात. आजवर त्यांनी एकाही पोराला संघातून काढलेले नाही. त्यामुळे आपला संघ जिंकतही नाही, पण त्याबद्दल कोणा पालकाची तक्रार नाही. असा मोठ्या मनाचा जावई चिपळूणला मिळाला, याचा मला, राजापूरचा असूनही, अभिमान वाटतो.

गेल्या शुक्रवारी साहेब पोरांबरोबर धावत होते. गुडघ्याला पट्टा होता, चेंडू भलत्याच बाजूला गेला होता, तरी ते कडेपर्यंत गेले. इस्माईलभाईंना खरा प्रकार कळून आता कितीतरी वर्षे झाली, पण त्यांनी हाक मारलीच, "साहेब, छुट्टी अभी बाकी है?"

"बाकी है," साहेब धापा टाकत म्हणाले.

वेस्लीसाहेबांना आणि सुनंदाताईंना उत्तम आरोग्य लाभो, आणि ही रजा वर्षानुवर्षे अशीच वाढत जावो. आता त्यांना कुठूनही बोलावणे न येवो.