पाहुणे येणार म्हणून

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या पीएचडीची वाट लावली ती चिंचेनं. लिंबाएवढी चिंच हो, जास्त नाही!

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी धातूंवर काम करते. वितळलेला मिश्रधातू इतक्या झटक्यात गार करायचा, की आतल्या अणूंना ओळीत बसायला सवडच मिळू नये. मग त्याच्या पातळ पट्ट्या मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. त्यांवर ऑक्साइडचा बारीक थर धरतो आणि तोच धातूला गंजू देत नाही. माझं सगळं संशोधन म्हणजे तो थर. दिवाळीपासून मी त्याची राखण करत होते.

उन्हाळ्यात बाहेरगावचे एक मोठे सर काम तपासायला येणार होते. त्यांना पटलं तर पुढं जायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. माझी झोप उडालेली. त्यात नेकनूरहून आईचा फोन.

"पाव्हणे येणार हायेत नव्हं? समदं घासूनपुसून ठिव. लोक आधी भांडी बघत्यात."

आमच्याकडं पाहुणा म्हटलं की घरातला तांब्या न् तांब्या चिंच-मिठानं घासून निघतो. सर येणार त्या सकाळी पट्ट्या पाण्यातून काढल्या, तर कळकट, पिवळट. हात आपोआप चालले हो! डोकं कुठं होतं म्हणता? ते भीतीनं आधीच रजेवर गेलं होतं. पट्ट्या घासण्यात इतका वेळ गेला की चहाचे कप नुसते विसळले.

सरांनी पट्टी उजेडात धरली. "वा! इतके महिने खाऱ्या पाण्यात आणि डागसुद्धा नाही?"

आमचे गाईड फुलले. "आमच्या बीडची पोरगी हाय, सर."

"यावर तर पेपर लिहायला हवा!"

मी मान डोलावली. काय करणार? तेवढ्यात सरांनी पट्टी नाकाजवळ नेली. "चिंचेचा वास येतोय का?"

गाईड माझ्याकडं वळले. "कावून गं? चिंच कशाला?"

"घासल्या, सर. पाहुणे येणार म्हणून."

"आणि थर?"

"लई चिवट होता, सर. पण काढला."

गाईड खाली बसले. पाहुणे सर मात्र शांतपणे चहा प्यायले. मग रिकाम्या कपात डोकावले. आत जुन्या चहाचं तपकिरी पुट होतं.

"पट्ट्यांचं पुन्हा पहिल्यापासून करा," ते म्हणाले. "हा कपातला थर मात्र तुम्ही छान जपलाय."