देवेशने आणलेला डबा

डिचोलीच्या स्टँडवरचा मोटारसायकल पायलट, म्हणजे भाड्याने गिऱ्हाईक मागे बसवून नेणारा कृष्णनाथ गाडीत कायम जाड ऑइलच घालायचा. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन चढणीला तापतं, तिथे पातळ ऑइल टिकत नाही. पण बोटीवर नोकरीला जाताना मुलगा देवेश महागड्या ऑइलचा डबा देऊन गेला होता. "बाबा, सगळ्यांत बरां!" ते निघालं कारचं, मोटारसायकलच्या ऑइलात बुडालेल्या क्लचला न चालणारं. पोरगा परत आला तो पेटीतून.

वर्षश्राद्धानंतर कृष्णनाथने डबा उघडून गाडीत ओतायला घेतला. मेकॅनिक शांताराम खेकसला, "क्लच घसरतलो, खुळ्या!"

"घसरूंदे. झिलान दिलेला फेकून देव काय?"

मये गावच्या चढणीवर इंजिन नुसतं ओरडलं, गाडी सरकेना. गिऱ्हाईक उतरून चालू लागलं.

घरी येऊन त्याने ऑइल काढलं, थेंब न सांडता त्याच डब्यात भरलं आणि झाकण घट्ट लावलं.