दगडाखालची चिठ्ठी

आकुर्डीच्या आमच्या दोन खोल्यांत देवांपेक्षा दगड जास्त होते. हे कारखान्यात, मी शाळेत, मूलबाळ नाही. रविवारी शेजारची मंडळी सिनेमाला जायची आणि आम्ही सायकलवर डबल सीट मोशीकडे, कुठे नवी विहीर खणताहेत का ते बघायला. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या खडकाच्या पोटात गारगोट्या निघायच्या; पांढऱ्या, गुलाबी, काही सुयांसारख्या बारीक; हिरवी मात्र नशिबात असेल तरच. "नवराबायकोच्या डोक्यातच दगड भरलेत," असं चाळीत म्हणत. म्हणोत बापडे.

आमचा एक नियम होता. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी ठेवायची: कुठला, कोणाला सापडला. पण ज्याला सापडला त्याने ती लिहायची नाही, दुसऱ्याने लिहायची. कारण आपला तो बाब्या. स्वतःच्या दगडाचं कौतुक लिहायला कागद पुरत नाही. ह्यांच्या दगडांखाली मी 'ह्यांना' लिहायचे, माझ्या दगडांखाली हे 'सौ.ला'. माझे दगड नेहमी जास्त भरायचे आणि ते ह्यांना झोंबायचं. "हिरवा सापडू दे मला, मग बघ," म्हणायचे. हिरवा काही सापडला नाही. एका पावसाळ्यात कावीळ झाली आणि हे गेले.

वर्षभर मी मोशीला फिरकले नाही. मग एका रविवारी बसने एकटीच गेले. विहिरीवरच्या ओळखीच्या म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, सायेब न्हाई आलं?" मी सांगितलं. तो पाटी उचलून कामाला लागला. मी सवयीने ढिगारा चाळवत बसले, आणि एका फुटक्या दगडाच्या खोबणीत हिरवं चमकलं. अगदी पोपटी.

"अहो!" मी मोठ्याने हाक मारली.

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आणून जुन्या टूथब्रशने हलकेच धुतला. चिठ्ठी घेतली, पेन उघडलं आणि तशीच बसून राहिले. दगड मला सापडलेला, म्हणजे चिठ्ठी मी लिहायची नव्हती. आठवडाभर तो चिठ्ठीशिवाय टेबलावर पडून होता. शाळेतून येऊन दार उघडलं की तोच आधी दिसायचा. घर रिकामं आहे हे वर्षभर मी कसंबसं सोसलं होतं. त्या आठवड्यात सोसवेना.

शनिवारी लिहिलं: मोशी, नवी विहीर. सापडला, ह्यांना.

त्यानंतरचे सगळे दगड ह्यांनाच सापडलेत. परवा मोजले, तर ह्यांचे माझ्यापेक्षा सात जास्त भरले. माझी हार कबूल करायला समोर कोणी नाही.