ब्रेकातली हवा

रावसाहेब पाटोळ्यांनी स्वारगेट डेपोत बत्तीस वर्षं बस चालवली आणि एकदाही डोळे मिटल्याशिवाय गाडी हलवली नाही. इंजिन सुरू करायचं, टोपी काढून मांडीवर ठेवायची आणि मागच्या दोन बाकांना ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणायचं, "प्रभू, या गाडीत बसलेत त्यांना सांभाळ. आन् गाडीला आडवे येतील त्यांनाही सांभाळ." दुसरं वाक्य ते जरा सावकाश म्हणत. पुण्यात स्कूटरी फार.

सदाशिव पेठेतले एक नेहमीचे प्रवासी घड्याळाकडे बघत विचारायचे, "ड्रायव्हरसाहेब, वरून परवानगी आली असेल तर निघावं का आपण?"

"परवानगी कवाच आली साहेब. ब्रेकात हवा भरायची ऱ्हायलीय."

आणि ते खरंच होतं. त्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालायचे. इंजिन सुरू केल्यावर काटा वर चढेपर्यंत थांबावंच लागे, आणि तेवढ्यात रावसाहेबांची प्रार्थना उरके. त्यांच्या देवामुळे गाडी कधी उशिरा सुटली नाही.

मूळचे नगरकडचे. आजोबांच्या वेळेपासून घराणं ख्रिस्ती, तरी घरात दिवाळीसारख्याच करंज्या नाताळाला होत आणि बोलणं पार नगरी. रविवारी सकाळी चर्चला जायचंच, हा नेम. त्यासाठी डेपोत त्यांनी कधी अर्जविनंत्या केल्या नाहीत. लक्ष्मीपूजन, पाडवा, गणपती विसर्जन, ज्या दिवशी सगळ्यांना घरी जायचं असे, त्या दिवशी आपण होऊन ड्युटी घेतली. त्यांचा कंडक्टर नागोराव बारा वर्षं दर दिवाळीला गावी जाऊन आला. मग रविवारी कुणी ना कुणी पाटोळ्यांच्या जागी उभं राहायचंच. मागावं लागलं नाही.

त्यांची धाकटी शालू. शाळेच्या दाखल्यावर शालोम. तिनं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं आणि दोन हजार सालात, रावसाहेब रिटायर झाले त्याच वर्षी, नगर रोडला वाघोलीजवळच्या एका कंपनीत लागली. बाजूला ज्वारी आणि मध्येच काचेची इमारत. रावसाहेब एकदा बघून आले आणि म्हणाले, एवढ्या काचा पुसणाऱ्या माणसाला तेवढा चांगला पगार देतात ना, विचार.

पुढच्या वर्षी दिवाळी आली तेव्हा तिच्या सहा जणांच्या टीममधले चौघे विदर्भातले, रेल्वेची तिकिटं मिळवायला धडपडत होते. त्यांचा मॅनेजर योगेश, तो अमरावतीचा. लक्ष्मीपूजनाला कुणीतरी ऑफिसात बसायलाच हवं होतं. शालूनं हात वर केला. फक्त बापाची एक गोष्ट ती विसरली. तिनं बदल्यात मागून घेतलं. म्हणाली, मी दिवाळीला बसते, मला ईस्टरला सुट्टी हवी, त्या रविवारी काम लावायचं नाही. योगेशनं विचारलं, कधी असतो तुमचा ईस्टर? ती म्हणाली, एप्रिलच्या मध्यात, यंदा पंधराला होता. योगेशनं भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरवर एप्रिलचा दुसरा रविवार लाल शाईनं गोल केला.

ईस्टर चंद्रावर ठरतो आणि दर वर्षी सरकतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण तारीख बघायचं खातं पप्पांचं. ते सांगणार, आपण नव्या कपड्यांची इस्त्री करणार. फेब्रुवारीत रावसाहेबांनी उपवासकाळ धरला, चहा सोडला आणि जेवताना सहज सांगितलं की यंदा ईस्टर लवकर हाय, एकतीस मार्च.

शालूचा घास हातातच राहिला. एकतीस मार्च म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवट. मुंबईच्या एका विमा कंपनीचं सगळं काम त्याच रविवारी सकाळी नव्या सिस्टिमवर चढायचं होतं, आणि ते चढवणार होती शालू. नीट चढलं तर टीमची लीड ती होणार होती. योगेशनं तिच्या सुट्टीचा मान राखून एप्रिल मोकळा ठेवला होता. त्याला काय म्हणून बोल लावायचा?

आणि इकडे ईस्टरची पहाट. अंधार असताना मंडळी चर्चच्या अंगणात जमायची, रावसाहेब ढोलकी घ्यायचे आणि पहिलं गाणं शालू उचलायची. आठ वर्षांची होती तेव्हापासून. एक वर्ष चुकलं नव्हतं. पप्पांना नाही म्हणायचं, की योगेशला? तीन आठवडे तिनं कुणालाच काही सांगितलं नाही.

पण पाटोळ्यांच्या घरात गुपित ठेवायची सोय नव्हती. रोज संध्याकाळी जेवणाआधी कुटुंबाची प्रार्थना, आणि तीत प्रत्येकानं आपल्या तोंडानं आपलं मागणं मांडायचं. आई सुंदराबाई गुडघ्यांपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं मांडायच्या. शालू तीन आठवडे "सगळ्यांना सांभाळ, आमेन" एवढ्यावर उरकत होती.

त्या दिवशी रावसाहेब डोळे मिटूनच म्हणाले, "हवा भरली न्हाई पोरी. गाडी काढू नगंस."

शालूनं डोळे आणखी घट्ट मिटले. मग म्हणाली, "प्रभू, पप्पांना सांगायला जमत नाहीये, म्हणून तुला सांगते. मी तारीख चुकले. ईस्टरला मला ऑफिसला जावं लागणार. ते काम मला हवंय, आणि गाणंही हवंय. पप्पांना वाईट वाटू देऊ नकोस. आमेन."

सुंदराबाईंनी एक डोळा उघडून नवऱ्याकडे बघितलं. रावसाहेबांनी देवाशी अजून थोडं बोलून घेतलं, डोळे उघडले आणि ताट ओढलं. मग त्यांनी सांगितलं ते शालूला माहीत नव्हतं. ती जन्मायच्या आधी एका ईस्टरला डेपोत तीन ड्रायव्हर आजारी पडले होते आणि पहाटेची पहिली गाडी त्यांनाच काढावी लागली होती.

"मग चर्च?"

"मंडळी गाडीत आली की. पहिला श्टॉप ते शेवटचा श्टॉप, गात. नागोरावनं सगळ्यांची तिकिटं फाडली, एकाला सोडलं न्हाई." भाकरी मोडत ते म्हणाले, "तुझं हापिस किती वाजता उघडतं?"

दुसऱ्याच दिवशी ते चर्चच्या पाळकसाहेबांना भेटले. पाळकसाहेबांनी डोकं खाजवून सांगितलं की सूर्य वाघोलीतही उगवतो, तेव्हा हरकत नाही. गाडी नागोरावनं आणली, भाच्याची मिनीबस. आणि एकतीस मार्चला पहाटे नागोराव स्वतः कपाळाला गंध लावून, खांद्याला जुनी रिकामी कातडी पिशवी अडकवून दारात उभा राहिला. रावसाहेब म्हणाले, तू कशाला आलास, तुझा सण न्हाई.

नागोराव म्हणाला, "तुझी तरी कुठं दिवाळी होती?"

उजाडताना काचेच्या इमारतीच्या फाटकाशी गाडी थांबली. पस्तीस माणसं उतरली, ढोलकी उतरली, सुंदराबाईंचा करंज्यांचा डबा उतरला. वॉचमननं मोर्चा समजून फाटक लावून घेतलं. तयारीसाठी रात्रीच ऑफिसात आलेली शालू आतून धावत आली आणि फाटकाच्या आतच उभी राहिली. ढोलकीवर थाप पडली. तिनं गाणं उचललं, गजांच्या अलीकडून, आणि पलीकडून मंडळींनी झेललं. ज्वारीच्या रानातून दोन शेतकरी बांधावर येऊन बसले. योगेश खाली आला, ऐकत उभा राहिला, मग वॉचमनला म्हणाला, "उघड नं बाबू. काहून कोंडून ठेवलं पोरीले?"

गाणी संपली. करंज्या वॉचमनपासून बांधापर्यंत पोचल्या. योगेशनं शालूला विचारलं की एवढं होतं तर आधी सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तारीख मीच चुकले होते. तो म्हणाला, पुढल्या वर्षीची आताच विचारून घे पप्पाले. रावसाहेबांनी तिथल्या तिथं सांगितली, वीस एप्रिल.

साडेसातला शालू आपल्या खुर्चीवर बसली. सगळी टीम मागे उभी. एक बटण दाबायचं होतं. तिनं बोट वर धरलं, आणि डोळे मिटले. विमा कंपनीला सांभाळ, आणि आडवं येईल त्यालाही.

"काहून थांबली?" योगेश म्हणाला.

"हवा भरतेय," शालू म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. पण तोही थांबला. खिडकीखाली नागोराव मिनीबसमध्ये मंडळींना मोजून बसवत होता, आणि ड्रायव्हर भाचा असूनही रावसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.