कौसाबाईंच्या विहिरीजवळचा निळा डाग

लॅपटॉपवर निळा डाग उमटला तेव्हा मी पिशोरच्या शिवारात कौसाबाईंच्या बांधावर बसले होते. डागापासून त्यांची विहीर वीस फुटांवर. सगळी वस्ती तिचंच पाणी पिते.

मी जिऑफिजिसिस्ट. म्हणजे न खणता जमिनीच्या पोटात काय चाललंय ते सांगणारी बाई. आमच्या पायलट प्रोजेक्टमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवतात, सोडाच म्हणा, आणि बोअरमधून खोल काळ्या पाषाणात सोडतात. तिथं त्याचा हळूहळू दगड होतो. तो वर येत नाही ना, हे बघणं माझं काम. जमिनीत ओळीनं सळया ठोकायच्या, थोडा करंट सोडायचा आणि जमीन त्याला किती अडवते ते मोजायचं. कोरडी जमीन अडवते. खारट किंवा आंबट पाण्यानं भिजलेली वाट देते आणि चित्रात निळी दिसते. चैत्रात, सोडा सोडण्याआधी घेतलेल्या बेसलाइनमध्ये इथं निळं काहीच नव्हतं. आणि त्यानंतर आजवर पाऊसही पडला नव्हता.

पुण्याला बॉसना फोन लावला.

"सोड्याचं इंजेक्शन थांबवा," ते म्हणाले. ते बरोबरच होतं. "पण कन्फर्म होईपर्यंत मालकीणबाईंना बोलू नका. उगाच गावभर होईल."

"सर, त्या हे पाणी पितात."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

मला राग आला. आमचा सोडा वर आला तर येताना खडकातलं काय काय विरघळवून आणेल, हे त्यांनाही ठाऊक होतं. शिवाय सळया ठोकायची परवानगी घेताना मी कौसाबाईंना शब्द दिला होता, की काही वर आलं तर पहिल्यांदा तुम्हाला सांगीन. विहिरीत मीटर सोडून पाण्याचा आंबटपणा पाहिला, नेहमीइतकाच होता. पण उद्याची हमी कोण देणार? नमुना लॅबकडे संभाजीनगरला पाठवला, वस्तीसाठी टँकर सांगितला आणि अद्रकीत निंदत बसलेल्या कौसाबाईंना गाठलं.

सगळं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. चित्र पाहून म्हणाल्या, "हे कुठं हाय, ते रानात दावा."

मी डागाची सुरुवात आणि शेवट दाखवला. त्यांनी तेवढं अंतर चालून पाहिलं.

"मॅडम, हे माझ्या दोन नंबरच्या वॉलचं रान हाय, तो कॉक फिरवला की एवढीच पट्टी भिजती. ड्रिपातून परवा खत सोडलं. एक नंबरला सोडायच्या आत लाईट गेली."

मी वही उघडली. पाण्यात विरघळलेलं खत म्हणजे खारट पाणीच की. बेसलाइन घेतली तेव्हा रान मोकळं होतं. नंतर तिथं अद्रक लागली, मी तिच्यातूनच ये-जा करत होते, आणि माझ्या वहीत तिचा उल्लेख नाही. ही चूक एखाद्या ज्युनिअरनं केली असती तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती.

पण नुसत्या अंदाजावर विहिरीचं पाणी प्या म्हणता येत नाही. "आज एक नंबरला खत सोडता?"

"सोडायचंच हाय की."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. एक नंबरची पट्टीही निळी, तितकीच. दोन्ही डाग तीन फूट खोलीवर संपत होते आणि खालची जमीन बेसलाइनसारखीच कोरडी. खालून येणारं पाणी खालची जमीन भिजवूनच वर येईल. तिसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला. पाणी चांगलं होतं.

"सर, खत आहे. आपला सोडा नाही."

"मालकीणबाईंना सांगितलं होतं का तुम्ही?"

"सांगितलं. खताचं त्यांनीच मला सांगितलं."

"बरं, इंजेक्शन सुरू करा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वस्तीवर जाऊन मी म्हटलं, पाणी प्या आता. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, पण कुणी पुढं होईना. कौसाबाईंनी विहिरीतून बादली ओढली, तांब्या काठोकाठ भरला आणि माझ्यापुढं धरला.

"आधी तुमी प्या."

मी उभ्याउभ्या सगळा तांब्या संपवला. मग हंडे भरायला लागले.

माझ्या वहीत आता खताच्या तारखेचा एक रकाना आहे. तो कौसाबाई सांगतात तसा त्यांची सून भरते. ते काम माझ्यावर सोडायला त्या तयार नाहीत.