कातळावरचा पांढरा पट्टा

धबधब्याच्या कातळावरचा चुन्याचा पांढरा पट्टा मी घासून काढायला लावला. पर्यटनानं निसर्ग विद्रूप होऊ नये, हे आमच्या भू-पर्यटन प्रकल्पाचं पहिलं तत्त्व. तत्त्व पाळण्याआधी गावात विचारावं, हे काही मला सुचलं नाही. पुण्याहून म्हैसूरला आलेला भूशास्त्राचा माणूस मी. दगडाचं वय सांगतो, स्वतःचं लपवतो.

चाचणीच्या सहलीला म्हैसुरातल्याच चामराजपुरमहून काही पाहुणे आले, आणि माझे सासरे. त्यांचं घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, मराठी निम्मं कन्नड. घोटाभर पाण्यातून आम्ही मधल्या कातळावर गेलो. ऊन कडक, आभाळ कोरं. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरून खडकात रांजणासारखे खळगे कसे कोरतात, ते मी सांगत होतो. पाहुणे माना डोलवत होते, त्यामुळे मी जरा जास्तच रंगलो.

मग एका खळग्यातलं नितळ पाणी गढूळ झालं. कुणीच त्यात पाय घातला नव्हता. धबधब्याचा आवाज जाड झाल्यासारखा वाटला. काठावरची वानरं मुकाट्यानं वरच्या फांद्यांवर गेली.

सासरे खाली बघत होते. "जावई, हितं पांढरा पट्टा होता की. एल्ली? कुठं गेला?"

"मी काढला, मामा. आता कसं स्वच्छ दिसतंय!"

ते हसले नाहीत. "अय्यो! त्याला पाणी लागलं की उठायचं असतंय. वर धरणाची दारं उघडलीत. उठा सगळे! बेग, बेग!"

घोटाभर पाणी मांडीला आलं होतं, तपकिरी, फांद्या ओढत. हात धरून पाहुणे पार झाले. मी मात्र मागे, आमचा नवाकोरा माहितीफलक उचलत. तो पाण्यात आडवा झाला आणि मला घेऊन निघाला. काठावर पोचलेले सासरे पुन्हा प्रवाहात उतरले, दुखऱ्या गुडघ्यांसकट. माझी कॉलर त्यांच्या मुठीत आली, फलक गेला. वळून पाहिलं, तर आम्ही उभे होतो तो कातळच दिसेना.

काठावर एका पाहुण्याचा फोन मागून घेऊन सासऱ्यांनी माझ्या बायकोला लावला.

"हां पुट्टी, नवरा परत आणलाय तुझा. ठेवायचा का नाही, तू बघ."