जमवाजमव

आमच्या बँडचा गायक सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. दिवसभर पोरांपुढे ओरडल्यावर घसा बसणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तोही हळदीच्या गुळण्या करत राहिला. बायकोनं हट्टानं डॉक्टरांकडे नेलं तोपर्यंत फार उशीर झाला होता. कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

बँड म्हणजे आम्ही तिघंच. तो गायचा, मी गिटार वाजवायचो आणि ड्रम्सवर मांजरी गावचा आमचा कॉलेजातला मित्र. त्याच्या उसाच्या कडेला पंपाची खोली होती, तिथे आमची प्रॅक्टिस चालायची. मराठीत ऑल्टरनेटिव्ह रॉक करणारे आम्ही, त्यामुळे ऐकणारे बहुतेक ओळखीचेच असत. लग्नं, नोकऱ्या सुरू झाल्या आणि बँड आपोआप थांबला.

ऑपरेशन ठरल्यावर आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. ड्रमरनं जाताच विषय काढला.

"आजून येळ हाय. एक नवं गाणं करू. शेवटचं."

"हा आवाज रेकॉर्ड करायचा?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "फाटक उघडल्यासारखा येतो. जुनी आहेत ती एकत्र करा. अल्बमला नावही 'जमवाजमव' द्या, म्हणजे कुणाच्या फार अपेक्षा राहणार नाहीत."

मग आम्ही रोज संध्याकाळी जमून जुनी रेकॉर्डिंग ऐकायचो. गाणी त्यानंच निवडली. लोकांना सगळ्यात आवडायचं ते गाणं त्यानं काढून टाकलं. "ते मी खोटं गायलोय," म्हणाला. उलट एका गाण्यात मागे पंपाची मोटर ऐकू येत होती, ते मात्र त्याला हवंच होतं. शेवटच्या संध्याकाळी त्यानं क्रम सांगितला आणि दुसऱ्या दिवशी तो ॲडमिट झाला.

ऑपरेशननंतर गळ्याला भोक पाडलेलं. त्यातूनच श्वास. बोलणं पाटीवर लिहून. क्लासवाल्यांनी त्याला पेपर तपासायला दिले.

अल्बम काही महिन्यांनी इंटरनेटवर आला. नारायण पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही पन्नासेक लोकांना बोलावून तो ऐकवायचं ठरवलं. आजाराबद्दल कुणाला सांगायचं नाही, ही त्याची अट होती. तो गळ्याला मफलर गुंडाळून मागच्या रांगेत बसला. गाणी चालू असताना मी दोनदा वळून पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

शेवटी सूत्रसंचालन करणारा मुलगा उत्साहानं म्हणाला, "ज्यांचा आवाज आपण ऐकला ते सर इथेच आहेत! सर, दोन शब्द!" मी हातानं नको नको करेपर्यंत तो माईक घेऊन मागे पोचलाही होता. लोक टाळ्या वाजवू लागले. तो उभा राहिला. त्यानं मफलर सोडला आणि माईक गळ्याच्या भोकाशी धरला.

स्पीकरमधून त्याचा श्वास आला. ओला, खरखरीत. आत, बाहेर, पुन्हा आत. टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतली एक बाई तोंडावर हात ठेवून उठून गेली. त्यानं शांतपणे माईक त्या मुलाच्या हातात परत दिला आणि मफलर गुंडाळला. तो मुलगा रडायला लागला होता, तर यानं त्याच्या पाठीवर थोपटलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना त्यानं पाटीवर लिहिलं, 'लाइव्ह आयटम झाला.' मला हसू आलं नाही. त्यालाही नव्हतं आलं.

पुढच्या हिवाळ्यात मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली. ती वेगानं वाढली. फेब्रुवारीत तो गेला.

स्मशानात ड्रमर छोटा स्पीकर घेऊन आला होता. मोटरचा आवाज येतो ते गाणं लावायचं त्याच्या मनात होतं. त्यानं वहिनींना हळूच विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "नको हो. ऑपरेशननंतर त्यानं घरात एकदाही ते ऐकलं नाही. मी लावलं की उठून गॅलरीत जायचा. आज तर त्याला उठून जाताही येणार नाही."

ड्रमरनं मान हलवली आणि स्पीकर पुन्हा पिशवीत ठेवला. आतून विधीसाठी हाक आली, तसे आम्ही दोघं खांदा द्यायला पुढे झालो.